एक्के विचारण्याआधी: ब्लॅकवूड, की-कार्ड आणि स्लॅमची बोली

ब्रिजमधला प्रश्न थोडक्यात असा आहे. भिडूने १ इस्पिकने सुरुवात केली. प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात सतरा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि चार इस्पिक होते. त्यांनी थेट ४ नो-ट्रम्प विचारलं, म्हणजे ब्लॅकवूड, एक्के विचारायची बोली. ५ बदाम असं उत्तर आलं, म्हणजे दोन की-कार्ड आहेत (चार एक्के आणि हुकमाचा राजा ही पाच की-कार्ड), हुकमाची राणी नाही. पाचपैकी चार की-कार्ड आपल्याकडे आहेत हे बघून त्यांनी ६ इस्पिक लावलं, म्हणजे तेरापैकी बारा हात करायचा स्लॅम. विरोधकांनी चौकटच्या एक्क्याची उतारी केली, मागोमाग राजा काढला आणि स्लॅम दुसऱ्या हातालाच बुडाला. त्यांचं विचारणं असं की, "बाहेर एकच एक्का होता, मग असं कसं झालं? १४३० सोडून ३०१४ घ्यावं का? की गर्बर बरं?" (१४३० आणि ३०१४ म्हणजे की-कार्ड सांगायच्या दोन पद्धती, गर्बर म्हणजे ४ किलवरने एक्के विचारणं.)

आधी पानं बघू.

भिडूची पानं:
इस्पिक: एक्का, गुलाम, १०, ७, ३
बदाम: गुलाम, ४
चौकट: राणी, ८
किलवर: एक्का, राजा, ५, २

तुमची पानं:
इस्पिक: राजा, राणी, ९, ५
बदाम: एक्का, राजा, राणी, ७
चौकट: ६, ४
किलवर: राणी, गुलाम, ८

दोघांचे मिळून बत्तीस पॉइंट होतात. चौकट सोडून दुसरी कुठलीही उतारी आली असती तर पाच इस्पिक, चार बदाम, चार किलवर असे तेराच्या तेरा हात तुमचे. इतकी ताकद असूनही पहिले दोन हात गेले, आणि त्यात कन्व्हेन्शनचा (भिडूशी ठरवून घेतलेल्या बोलीचा) काहीच दोष नाही. त्याला विचारलं ते त्याने अचूक सांगितलं, की एक की-कार्ड बाहेर आहे. तुम्हाला खरं तर दुसरंच काही कळायला हवं होतं. चौकटमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीला विरोधकांना अडवणारं पान दोघांपैकी कुणाकडे आहे का? ४ नो-ट्रम्पने हे विचारता येत नाही. १४३० च्या जागी ३०१४ घेतलं असतं तरी इथे तेच ५ बदाम उत्तर आलं असतं आणि तेच दोन हात गेले असते.

म्हणून कुठलं कन्व्हेन्शन घ्यावं याच्या आधी ते केव्हा वापरावं याबद्दल लिहितो, कारण क्लबात स्लॅमचे जितके डाव बुडताना दिसतात त्यातले बहुतेक इथेच बुडतात. एक्के विचारणं हा स्लॅमच्या चौकशीतला शेवटचा प्रश्न आहे. बारा हात आहेत, हुकूम ठरला आहे, चारही रंगांत काही ना काही अडवणारं पान आहे, एवढं कळलं आणि आता फक्त दोन एक्के बाहेर नाहीत ना एवढीच शंका उरली, की मग ४ नो-ट्रम्प. इंडियानापोलिसला विमा कंपनीत काम करणाऱ्या ईझली ब्लॅकवूड यांनी १९३३ मध्ये ही बोली काढली. तेव्हापासून तिची खरी किंमत एकाच गोष्टीत आहे: स्लॅम नसताना आपल्याला पाचावर थांबवणं. स्लॅम आहे की नाही हे शोधून काढायला ती फार अपुरी आहे.

माझी कसोटी सोपी आहे. ४ नो-ट्रम्प तोंडातून काढण्याआधी येऊ शकणारं प्रत्येक उत्तर मनात घ्यायचं. ५ किलवर आलं तर मी काय म्हणेन? ५ चौकट आलं तर? ५ बदाम आलं तर? प्रत्येकाला माझी पुढची बोली ठरलेली असेल तरच विचारायचं. एका जरी उत्तराला "मग बघू" असं वाटलं, तर अजून विचारायची वेळ आलेली नाही.

या कसोटीला पुरेपूर उतरणारी पानं कशी असतात ते दाखवतो. भिडूने १ नो-ट्रम्पने सुरुवात केली आहे, १५ ते १७ पॉइंट. तुमच्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, ४. बदामचे राजा, राणी, गुलाम, १०, ९, ६, ३. चौकटची एकांडी पंजी. किलवरची एकांडी अठ्ठी. हुकूम बदाम, त्यात वाद नाही. कुठल्याही बाजूच्या रंगात दोन हात सलग जायची भीती नाही. आता फक्त एक्के मोजायचे आहेत. इथे ४ किलवर, म्हणजे ह्यूस्टनच्या जॉन गर्बर यांची बोली, अगदी चपखल बसते. पायऱ्या अशा: ४ चौकट म्हणजे एकही नाही किंवा चारही, ४ बदाम म्हणजे एक, ४ इस्पिक म्हणजे दोन, ४ नो-ट्रम्प म्हणजे तीन. एक एक्का असेल तर भिडूचं उत्तरच ४ बदाम येतं आणि तुम्ही पास म्हणता: तीन एक्के गेले, दहा हात मिळाले. दोन असतील तर ५ बदाम. तीन असतील तर ६ बदाम, आणि तिन्ही एक्के कुठले आहेत याने काही फरक पडत नाही, बारा हात मोजून बघा. ४ चौकट आलं तर ते चारच असणार, कारण तुमचे बारा पॉइंट आणि सगळे एक्के बाजूला काढले तर बाकी उरतात फक्त बारा, त्यात १ नो-ट्रम्प उघडता येत नाही. मग ७. एकही उत्तर अडचणीत टाकत नाही. एक्के विचारायची पानं म्हणतात ती ही.

तुमच्या पानांत मात्र चौकटचे दोन बारीक पत्ते होते, छक्की आणि चौकी. ज्या रंगात आपल्याकडे दोन किंवा जास्त बारीक पानं आहेत आणि भिडूकडे काय आहे ठाऊक नाही, तो रंग उघडा ठेवून एक्के विचारू नयेत. मग करायचं काय? कंट्रोल, म्हणजे रंग पहिल्या-दुसऱ्या फेरीला अडवणारं पान, दाखवत जायचं. तुमच्याच डावाची बोली अशी व्हायला हवी होती: १ इस्पिकवर तुम्ही २ नो-ट्रम्प म्हणता, जॅकोबी, म्हणजे चार हुकूम आणि गेमपर्यंतची (इथे ४ इस्पिकची) खात्री. भिडू ३ नो-ट्रम्प म्हणतो: कुठल्याही रंगात एकांडं पान किंवा व्हॉइड (रंगाचं एकही पान नसणं) नाही, ताकद मध्यम, पंधराच्या पुढे. आता तुम्ही ४ बदाम म्हणता. या बोलीत दोन गोष्टी आहेत. बदामचा कंट्रोल आहे, हे झालं उघड. आणि तुम्ही ४ किलवर, ४ चौकट दोन्ही ओलांडून आलात, म्हणजे त्या दोन्ही रंगांत तुमच्याकडे एक्का, राजा, एकांडं पान किंवा व्हॉइड यांतलं काहीच नाही. भिडूकडे किलवरचे एक्का-राजा आहेत, पण चौकटमध्ये राणी-अठ्ठी. तो ओळखतो की चौकट दोन्हीकडे उघडी आहे, आणि ४ इस्पिक म्हणून थांबतो. चौकटची उतारी आली तर अकरा हात, डाव पूर्ण.

गंमत पुढे आहे. भिडूची चौकटची राणी काढा आणि तिथे राजा ठेवा, राजा-अठ्ठी. त्याच ४ बदामनंतर आता भिडूला दिसतं की तुम्ही नाकारलेले दोन्ही रंग त्याच्याकडे सांभाळलेले आहेत. आता तोच ४ नो-ट्रम्प विचारतो. तुमचं उत्तर ५ इस्पिक: दोन की-कार्ड आणि हुकमाची राणीही. एक की-कार्ड बाहेर आहे हे त्याला कळतं, आणि ६ इस्पिक निवांत होतं, कारण डाव भिडू खेळतो आहे आणि उतारी त्याच्या राजाकडे येते आहे. दोन्ही वेळा बत्तीस-तेहतीस पॉइंट, दोन्ही वेळा एकच की-कार्ड बाहेर. फरक एका पानाचा, आणि तो पकडला ४ बदामने. कंट्रोल दाखवताना एक्का आणि राजा एकाच दमात दाखवायचा की आधी फक्त एक्के, हे मात्र भिडूशी आधी ठरवून ठेवा. मी पहिली पद्धत सुचवतो, कारण "हा रंग ओलांडला म्हणजे तिथे काहीच नाही" हे नकारात्मक उत्तर एवढं स्पष्ट दुसऱ्या पद्धतीत मिळत नाही.

आता व्हॉइड. ही दुसरी जागा जिथे साधं ब्लॅकवूड दगा देतं. समजा तुमच्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, ९, ६, ४. बदामचे एक्का, राजा. चौकट एकही नाही. किलवरचे राजा, राणी, गुलाम, १०, ५. तुम्ही १ इस्पिक म्हणालात, भिडूने ३ इस्पिक करून गेमला बोलावलं. बाहेर तीन की-कार्ड आहेत: इस्पिक, चौकट आणि किलवरचे एक्के. ४ नो-ट्रम्प विचारलं आणि "एक" असं उत्तर आलं, तर काय कळलं? तो एक्का इस्पिकचा किंवा किलवरचा असेल तर ६ इस्पिक हातात आहे. चौकटचा असेल तर त्याचा उपयोग शून्य, दोन एक्के जाणार आणि पाचावरच थांबायला हवं. आकडा तोच, अर्थ उलटा. अशा वेळी बॉबी गोल्डमन यांचं एक्सक्लूजन कामी येतं: व्हॉइड असलेल्या रंगात गेमच्याही वर उडी मारायची, इथे ५ चौकट. अर्थ असा की चौकटचा एक्का सोडून की-कार्ड सांग. पहिली पायरी ५ बदाम म्हणजे एकही नाही, तुम्ही ५ इस्पिकवर थांबता. ५ इस्पिक म्हणजे एक, तुम्ही ६ लावता. ५ नो-ट्रम्प म्हणजे दोन, आणि मग ७ इस्पिक: सहा हुकूम, दोन बदाम, पाच किलवर. पण भिडूने ५ चौकटला पास केलं तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून हे फक्त ज्याच्याबरोबर नेहमी खेळता आणि ज्याच्याशी यावर बोलणं झालं आहे त्याच्याबरोबरच. नव्या भिडूबरोबर व्हॉइड असेल तर कंट्रोल दाखवत जा, तेवढंच बरं.

तुम्ही १४३० आणि ३०१४ बद्दल विचारलं आहे, त्याचंही उत्तर देतो, कारण फरक छोटा असला तरी खरा आहे. दोन्हीत की-कार्ड पाचच: चार एक्के आणि हुकमाचा राजा. दोन्हीत ५ बदाम म्हणजे राणीशिवाय दोन, ५ इस्पिक म्हणजे राणीसह दोन. फरक पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. ३०१४ मध्ये ५ किलवर म्हणजे शून्य किंवा तीन आणि ५ चौकट म्हणजे एक किंवा चार. १४३० मध्ये हे उलट. सहसा जास्त ताकदवाला विचारतो आणि कमी ताकदवाला सांगतो, आणि सांगणाऱ्याकडे एक की-कार्ड असण्याचे प्रसंग बरेच येतात. १४३० मध्ये त्या "एक"ला सगळ्यात स्वस्त पायरी मिळते. हे कुठे महत्त्वाचं ठरतं? हुकूम बदाम असताना. एक डाव बघा.

तुमची पानं:
इस्पिक: एक्का, ६
बदाम: एक्का, राजा, ८, ७, ३
चौकट: राजा, राणी, गुलाम, ९, २
किलवर: ४

भिडूची पानं:
इस्पिक: राजा, राणी, ५, ४
बदाम: राणी, ६, २
चौकट: एक्का, ६
किलवर: ९, ७, ५, ३

तुम्ही १ बदाम, भिडू १ इस्पिक, तुम्ही ३ चौकट, भिडू ३ बदाम. आता चारही रंगांत तुम्हाला धास्ती नाही: इस्पिकचा एक्का आहे, किलवर एकच आहे, चौकट भरलेली आहे. ४ नो-ट्रम्प विचारायला हरकत नाही. १४३० मध्ये उत्तर ५ किलवर. तुमच्याकडे तीन असताना चार शक्य नाहीत, म्हणजे एकच. एक एक्का बाहेर, तेव्हा स्लॅम आता हुकमाच्या राणीवर अवलंबून. तुम्ही ५ चौकट म्हणता: राणी आहे का? राणी नसेल तर भिडू ५ बदाम म्हणेल आणि तुम्ही पास. असेल, आणि बाजूचा एखादा राजाही असेल, तर तो त्या राजाचा रंग सांगेल. इथे तो ५ इस्पिक म्हणतो: राणी आहे आणि इस्पिकचा राजाही. ६ बदाम. पाच हुकूम, चार चौकट, तीन इस्पिक, बारा हात. हुकूम तीन-दोन पडले की झालं.

आता भिडूच्या बदामच्या राणीच्या जागी गुलाम ठेवा. आठ हुकमांत राणी बाहेर, आणि एक्का-राजाखाली ती पडायची शक्यता तीनात जेमतेम एकदा. ५ बदामवर थांबायलाच हवं. १४३० मध्ये थांबता येतं. ३०१४ मध्ये भिडूचं "एक" हे ५ चौकटवर आलेलं असतं, ५ बदाम म्हणजे तुमचं थांबणं, मग राणी विचारायची तर ५ इस्पिकवर. नाही म्हणायलाही भिडूला ६ बदामवर जावं लागतं. म्हणजे प्रश्न विचारतानाच स्लॅम गळ्यात पडला. हुकूम इस्पिक असेल तर हा फरक उरत नाही, कारण ५ चौकटनंतर ५ बदामने राणी विचारता येते आणि ५ इस्पिकवर थांबता येतं. म्हणून १४३० ठेवा. सध्या तेच खेळत असाल तर बदलायचं काही कारण नाही.

एक बारकावा जरूर ठरवून ठेवा. सांगणाऱ्याकडे राणी नाही पण हुकूम इतके लांब आहेत की दोघांचे मिळून दहा होतात, तर राणी आहे असंच सांगायचं. बाहेर तीन पानं उरतात, ती एकाच हातात जाण्याची शक्यता साधारण बावीस टक्के, म्हणजे एक्का-राजाखाली राणी पडणारच असं धरून चालायला हरकत नाही. नऊ हुकूम असतील तर ही सवलत नाही. तिथे राणी पडण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम वर असते.

हुकूम किलवर किंवा चौकट असला की पाचाच्या पायरीवरची जागाच संपते. किलवर हुकूम, तुमच्याकडे एक की-कार्ड, भिडूकडे तीन असतील तरच स्लॅम, आणि ४ नो-ट्रम्पला ५ चौकट आलं: शून्य किंवा तीन. शून्य असेल तर ५ किलवर मागे राहून गेलं, परत जायला वाट नाही. जेफ रुबेन्स यांचं किकबॅक यावरचा उपाय आहे: हुकमाच्या लगेच वरच्या रंगाने चारावर विचारायचं. किलवरला ४ चौकट, चौकटला ४ बदाम, बदामला ४ इस्पिक, आणि इस्पिकला नेहमीचं ४ नो-ट्रम्प. हिशोब म्हणून हे सगळ्यात नीटस आहे. पण ४ चौकट हे कंट्रोल दाखवणं आहे की की-कार्ड विचारणं, यावर दोघांचं मत क्षणभर जरी वेगळं झालं तरी डाव हातचा जातो. माझा सल्ला, किलवर-चौकटला तेवढं ठरवा आणि बदामला साधं ४ नो-ट्रम्पच ठेवा. बदामला १४३० ने पुरेशी जागा मिळते हे वर बघितलंच.

नो-ट्रम्पच्या बोलीत ४ नो-ट्रम्प हा एक्क्यांचा प्रश्नच नव्हे, हे मराठी मंडळींत अजून बऱ्याच टेबलांवर स्पष्ट नसतं. पत्त्यांचे दुसरे खेळ खेळून मग ब्रिजकडे वळलेल्यांना एक्का म्हणजे सगळं काही, असं वाटण्याची सवय असते. भिडूने १ नो-ट्रम्प, तुम्ही ४ नो-ट्रम्प म्हणालात तर ते निमंत्रण आहे: माझ्याकडे सोळाच्या आसपास आहेत, तू वरच्या टोकाला असशील तर ६ नो-ट्रम्प, नाहीतर पास. इथे एक्के विचारायची गरज का पडत नाही तेही बघा. समतोल पानांनी ६ नो-ट्रम्पला साधारण तेहतीस पॉइंट लागतात. तेहतीस आपल्याकडे असतील तर बाहेर फक्त सात. दोन एक्के म्हणजे आठ. तेव्हा दोन एक्के बाहेर असणं गणितातच बसत नाही. बाहेर असू शकतं ते एकाच रंगाचं एक्का-राजा, नेमके सात, आणि ते तर गर्बरलाही सांगता येत नाही. स्टेमन किंवा ट्रान्सफर (१ नो-ट्रम्पनंतर भिडूचे मोठे रंग विचारायच्या आणि आपला सांगायच्या बोली) झाल्यावरही हाच नियम ठेवा: १ नो-ट्रम्प, २ चौकट, २ बदाम, ४ नो-ट्रम्प म्हणजे पाच बदाम आणि निमंत्रण. एक्के विचारायचेच असतील तर आधी हुकूम पक्का करून घ्या.

४ नो-ट्रम्पच्या उत्तरानंतर राजे विचारणाऱ्या ५ नो-ट्रम्पबद्दल एवढंच की ते म्हणणं म्हणजे सगळे की-कार्ड आणि हुकमाची राणी आपल्याकडे आहेत हे भिडूला सांगणं. ग्रँड स्लॅमचा, म्हणजे तेराही हातांचा, विचार नसेल तर ते म्हणूच नका, कारण ते ऐकून हातात लांब भरलेला रंग असलेला भिडू सरळ ७ लावू शकतो, आणि त्याचं बरोबरच असतं. राजांची संख्या सांगण्यापेक्षा नेमका राजा सांगण्याची पद्धत घ्या. "एक राजा आहे" यापेक्षा "किलवरचा राजा आहे" हे कितीतरी जास्त उपयोगाचं.

आणि ७ लावायचं कधी? गणित सांगतो. व्हल्नरेबल असताना (बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे असतात तेव्हा) ४ इस्पिकला बारा हात म्हणजे ६८०, ६ इस्पिक म्हणजे १४३०. फायदा ७५०. एक हात कमी पडला तर ६५० ऐवजी उणे १००, तोटाही ७५०. म्हणून स्मॉल स्लॅम निम्म्या शक्यतेला लावण्यासारखा असतो. ग्रँडला तसं नाही. ७ इस्पिक झालं तर २२१०, सहावर थांबून तेरा हात केले तर १४६०, फायदा तोच ७५०. पण बुडालं तर १४३० हातचे जातात आणि वर १०० द्यावे लागतात. टीमच्या खेळात इंपमध्ये (दोन टेबलांवरच्या गुणांचा फरक मोजायच्या एककात) हे तेराच्या फायद्यासमोर सतराचा तोटा असं पडतं, म्हणजे किमान सत्तावन्न टक्के हवेत. तेही दुसऱ्या टेबलावरची जोडी सहापर्यंत पोचली आहे असं धरून. ती जर चारावर थांबली असेल तर तुमचं ६ च भरपूर होतं. म्हणून मी फिनेसवर, म्हणजे बाहेरचं पान अमक्याकडेच असेल या आशेवर, उभा असलेला ग्रँड कधी लावत नाही. तेरा हात मोजता आले पाहिजेत.

४ नो-ट्रम्प विचारल्यावर विरोधकांनी मध्येच ५ चौकट किंवा असं काही घुसवलं तर काय, हे दोन मिनिटांत ठरवून टाका. सोपी रीत अशी: डबल म्हणजे शून्य, पास म्हणजे एक, लगेच वरची बोली म्हणजे दोन. त्यांनी आपल्या हुकमाच्या पाचाच्याही वर उडी घेतली असेल तर डबल म्हणजे सम, पास म्हणजे विषम. या डावांत गडबड होते ती न ठरवल्यामुळे होते, पद्धत कुठली यापेक्षा ती दोघांना सारखी माहीत असणं महत्त्वाचं.

एक गोष्ट उरली, आणि ती स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ४ नो-ट्रम्प विचारणारा कॅप्टन. त्याने उत्तर ऐकून पाचावर थांबायचं ठरवलं की सांगणाऱ्याने त्यावर सहा लावायचं नाही. अपवाद एकच: उत्तर दुहेरी होतं, शून्य-किंवा-तीन, एक-किंवा-चार, आणि सांगणाऱ्याकडे वरचा आकडा आहे. तेव्हा त्याने पुढे जायलाच हवं. बाकी वेळी विचारणारा मिनिटभर छताकडे बघून मग ५ इस्पिक म्हणाला आणि भिडूने ते बघून ६ केलं, तर विरोधक डायरेक्टरला बोलावतात आणि डायरेक्टर डाव पाचावर आणून ठेवतो. ड्युप्लिकेट ब्रिजच्या नियमांतल्या सोळाव्या नियमानुसार भिडूच्या रेंगाळण्यातून मिळालेली माहिती वापरता येत नाही, आणि तिने सुचवलेला पर्याय, दुसरा योग्य पर्याय हाताशी असताना, निवडता येत नाही. यावर उपाय पुन्हा विचारणाऱ्याच्याच हातात आहे: जो काही विचार करायचा तो ४ नो-ट्रम्प म्हणण्याआधी करून घ्यायचा. प्रत्येक उत्तराला काय म्हणायचं हे ठरलेलं असेल तर उत्तर आल्यावर सगळ्या बोली एकाच लयीत होतात, आणि टेबलावरच्या कुणालाच बोट दाखवायला जागा राहत नाही.